घरगुती युनिव्हर्सल चिप प्रोग्रामर, ओपन हार्डवेअर: पिन ड्रायव्हरचं गणित जमत नाहीये

सोल्डर_कोपरखैरणे:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, जुन्या मशिनींची कंट्रोल कार्डं रिपेअर करतो. इंजेक्शन मोल्डिंग, पॅकिंग मशीन, जुने सीएनसी, जे येईल ते. बहुतेक कार्डं ऐंशी-नव्वदच्या दशकातली, बनवणारी कंपनी कधीच गुंडाळलेली, आणि त्यांच्यावर खिडकीवाले ईप्रॉम (अतिनील प्रकाशाने पुसता येणाऱ्या मेमरी चिप), २७१६, २७३२, २७६४, क्वचित २७५१२. खिडकीवरचा स्टिकर निघालेला असतो, मालक म्हणतो कालपर्यंत चालत होतं की, आणि आपण कपाळाला हात लावून बसायचं. माझ्याकडचा छोटा प्रोग्रामर (चिपमध्ये डेटा लिहिणारं-वाचणारं यंत्र) नवीन चिप मस्त लिहितो पण २५ व्होल्ट देत नाही, त्यामुळे जुने २७१६ नि २७३२ वाचता येतात, लिहिता येत नाहीत.

तर ठरवलंय की आपलाच बोर्ड बनवायचा आणि स्किमॅटिक, लेआउट, फर्मवेअर सगळं उघडं ठेवायचं, म्हणजे उल्हासनगरचा किंवा कोल्हापूरचा रिपेअरवालासुद्धा बनवू शकेल. डोक्यात असं आहे: ४० पिनांचं झिफ (जोर न लावता चिप बसवता-काढता येणारं) सॉकेट, आणि प्रत्येक पिनला ग्राउंड, व्हीसीसी (चिपचा नेहमीचा सप्लाय), व्हीपीपी (लिहितानाचा जास्त व्होल्टेज) आणि लॉजिक यातलं काहीही सॉफ्टवेअरमधून देता आलं पाहिजे. इथेच गाडी अडली. ४० पिना गुणिले तीन स्विच म्हणजे १२० ट्रान्झिस्टर, त्यांना चालवायला ७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टरची माळ, बोर्ड चार लेयरचा होतोय आणि बीओएम (पार्टांची यादी) बघून बायको हसतेय. स्विच कसले वापरू? २५ व्होल्ट यूएसबीच्या ५ वरून निघतील का? मायक्रोकंट्रोलर रास्पबेरी पाय पिको चालेल का, स्वस्त आहे म्हणून विचारतोय. आणि लायसन्स कुठलं टाकायचं हेही सांगा, त्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

नेरूळचा_निवांत:

कशाला एवढा उपद्व्याप? जरा वरचं मॉडेल विकत घे, काही हजारांत येतं, हजारो चिपची लिस्ट तयार असते. तुझा वेळ फुकट आहे का?

सोल्डर_कोपरखैरणे:

भाऊ विकतचा आहेच ना, वाईट नाही तो. पण त्याच्या लिस्टमध्ये नसलेली चिप आली की आपण काहीच करू शकत नाही, आणि तो बिघडला तर त्याचा डायग्राम मिळत नाही. मिनिप्रो नावाचं लिनक्ससाठीचं ओपन सॉफ्टवेअर लोकांनी केलंय ते भारी आहे, वापरतोही, पण हार्डवेअर बंदच राहतं ना. शिवाय एक कारण सांगायचं राहिलं, माझ्या कामात लिहिण्यापेक्षा वाचणं जास्त आहे. अर्धमेल्या चिपमधून डेटा काढायचा असतो. तिथे विकतचं यंत्र एक आकडा दाखवतं आणि गप्प बसतं.

वागळे_इस्टेटचे_काका:

हे शेवटचं आधी सांगायला हवं होतंस, उत्तर त्यातच आहे. थांब, सविस्तर लिहितो, आज पाऊस आहे, बाहेर जायचं नाहीये.

पहिलं म्हणजे ते १२० ट्रान्झिस्टर विसर. कागद घे आणि तुला लागणाऱ्या चिपचे पिनआउट एकाखाली एक मांड. सॉकेट ४० चं नको, ३२ पिनांचं धर, आणि चिप कायम सॉकेटच्या खालच्या टोकाला टेकवून बसवायची असा नियम कर. मग २८ पिनांच्या चिपची प्रत्येक पिन सॉकेटवर दोनने पुढे जाते आणि २४ पिनांच्या चिपची चारने. आता बघ काय होतं. ग्राउंड २४ वालीत १२ वर, २८ वालीत १४ वर, ३२ वालीत १६ वर, म्हणजे सॉकेटवर तिन्ही वेळेला १६ च! ग्राउंडला स्विचच नको, सरळ जाड ट्रॅक. व्हीसीसी सॉकेटच्या २८, ३० नाहीतर ३२ वर येतो, तीन जागा. आता व्हीपीपी. २७१६ ची २१ नंबर पिन म्हणजे सॉकेट २५. २७३२ मध्ये व्हीपीपी आणि ओई (आउटपुट चालू करणारी पिन) एकाच पिनवर, २० नंबर, म्हणजे सॉकेट २४. २७६४, २७१२८, २७२५६ ची १ नंबर म्हणजे सॉकेट ३. २७५१२ ची २२ नंबर म्हणजे परत सॉकेट २४. ३२ पिनांच्या २७सी०१० पासून २७सी०४० पर्यंत सॉकेट १. झालं, संपलं. चार जागा. आणि चिपचा आयडी वाचायला ए९ या ॲड्रेस पिनवर साधारण १२ व्होल्ट द्यावे लागतात, ती या सगळ्या चिपांत सॉकेट २६ वरच पडते. एकूण पाच हाय व्होल्टेज स्विच आणि तीन व्हीसीसी स्विच. डबल लेयरमध्ये आरामात बसेल, हाताने सोल्डर होईल.

गंमत अशी की या पाचही पिना मेमरीच्या बाजूने इनपुट आहेत, ॲड्रेस किंवा ओई. डेटाची एकही नाही. त्यामुळे मायक्रोकंट्रोलरच्या पिनशी ४.७ के सिरीज रेझिस्टर आणि ५ व्होल्टला एक क्लॅम्प डायोड एवढं पुरतं. २५ व्होल्ट आले तरी चार-साडेचार मिलीअँपच्या पलीकडे काही जात नाही. वरच्या बाजूने पीएनपी ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला ओढायला एक एनपीएन, संपला विषय.

८०५१ वाल्या ४० पिनी चिप, गॅल (प्रोग्राम करता येणारी लॉजिक चिप), पिक (मायक्रोकंट्रोलर) वगैरे? त्यांना वरून बसणारं छोटं ॲडॅप्टर बोर्ड कर. एटी८९सी५१ ला ३१ नंबरवर १२ व्होल्ट लागतात, ती लाइन ॲडॅप्टरवरून ओढून घ्यायची. एकाच सॉकेटमध्ये सगळं कोंबायला गेलास की डिकपलिंग (सप्लाय स्थिर ठेवणारा) कपॅसिटरसुद्धा नीट लावता येत नाही, कारण व्हीसीसीची पिनच ठरलेली नसते. इथे तीनच जागा आहेत, तिन्हीकडे स्विचच्या जवळ ०.१ मायक्रो टाकता येतो.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. तुझ्या कामाला पिना बदलण्यापेक्षा व्हीसीसी बदलणं जास्त उपयोगी आहे. ईप्रॉममध्ये शून्य लिहिणं म्हणजे सेलच्या फ्लोटिंग गेटवर चार्ज अडकवणं, त्याने सेलचा थ्रेशोल्ड (सेल चालू व्हायला लागणारा व्होल्टेज) वर जातो. वर्षानुवर्षं तो चार्ज गळतो, खिडकीतून उजेड आत गेला तर आणखी लवकर. वाचताना सेलच्या गेटवर जवळपास व्हीसीसीच पडतो, म्हणजे थ्रेशोल्ड पाचाच्या आसपास घसरला की तो शून्य कधी शून्य तर कधी एक दिसायला लागतो. अशा वेळी व्हीसीसी ४.५, ४.३, ४.२ असा खाली आणत वाचायचं. गेटवरचा व्होल्टेज कमी झाला की अशक्त शून्य परत शून्य दिसतं. प्रत्येक व्होल्टेजला आठ-दहा वेळा वाच, जे बाइट हलतात त्यांची यादी काढ. फार खाली गेलास तर आतलं सर्किटच कोलमडतं आणि कचरा येतो, ती सीमा चिपगणिक वेगळी.

लिहिताना ह्याच्या बरोबर उलट. इंटेलच्या जुन्या इंटेलिजंट पद्धतीत व्हीसीसी ६ व्होल्ट आणि नंतरच्या क्विक पल्स पद्धतीत ६.२५ ठेवून लिहायचं आणि तिथेच तपासायचं, ते उगाच नाही. ६.२५ वर शून्य टिकलं म्हणजे ५ वर टिकणारच, चार्ज पुरेसा बसला. बरेच घरगुती बोर्ड ५ वरच लिहून ५ वरच तपासतात, लगेच सगळं ओके दिसतं, चार्ज किती बसला ते मात्र कोणालाच माहीत नसतं. त्यामुळे तुझ्या बोर्डाला व्हीसीसी ४ ते ६.५ फिरवता आलाच पाहिजे.

कळव्याचा_करंट:

काकांना दंडवत. पॉवरचं मी सांगतो.

यूएसबीवरून २५ व्होल्ट निघतात, २७१६ चा व्हीपीपी करंट जास्तीत जास्त ३० मिलीअँप, म्हणजे पाऊण वॅट, नुकसान धरून एक वॅट, ५०० मिलीअँपच्या पोर्टला काही जड नाही. पण व्हीसीसी ६.२५ पर्यंत न्यायचा म्हणजे तोही ५ च्या वर, मग दोन बूस्ट (व्होल्टेज वाढवणारे) कन्व्हर्टर आणि सगळा डोंबाऱ्याचा खेळ. त्यापेक्षा जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर घरोघरी पडलेला असतो तो वापर, यूएसबी फक्त डेटाला. १२ वरून व्हीसीसीसाठी सरळ एलएम३१७ रेग्युलेटर, २७१६ शंभर मिलीअँप खाते म्हणजे रेग्युलेटरवर पाऊण वॅटच्या आत, छोटा हीटसिंक लाव. व्हीपीपीसाठी एमसी३४०६३ ने १२ चे २८ कर, तो लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतो, आणि २८ च्या मागे दुसरा एलएम३१७. त्याच्या ॲडजस्ट पिनवर वेगवेगळे रेझिस्टर ट्रान्झिस्टरने जोडायचे, १२.५, १२.७५, १४, २१, २५ अशा पायऱ्या.

लॅमिंग्टनला रविवारी जाऊ नकोस, बरीचशी दुकानं बंद असतात.

ऐरोली_इंजिनिअरिंग:

दादा, मागे लिनिअर रेग्युलेटर कशाला? बूस्टच्या फीडबॅकलाच डिजिटल पॉट (सॉफ्टवेअरने बदलता येणारा रेझिस्टर) लावला की व्हीपीपी डायरेक्ट सेट होतो, दोन पार्ट वाचतात.

कळव्याचा_करंट:

वाचतात, पण बूस्टचा रिपल आणि चालू होतानाची उसळी सरळ चिपवर जाते. १२.५ वाल्या चिपची व्हीपीपीची कमाल मर्यादा १४ च्या आसपास असते, तिथे क्षणभरही १५ गेलेले चालत नाहीत. आणि पॉटला आय-स्क्वेअर-सी वर चुकीचा आकडा गेला, किंवा पॉवर आल्याआल्या तो मधल्याच स्थितीत उठला, तर १२ च्या चिपला २२ बसतील. रेझिस्टरच्या पायऱ्यांमध्ये मायक्रोकंट्रोलर गप्प असताना सगळ्यात कमी व्होल्टेज येईल अशी मांडणी करायची की गोंधळ झाला तरी चिप वाचते. नीट विचार कर, एलएम३१७ ला ॲडजस्ट आणि ग्राउंडमधला रेझिस्टर वाढला की व्होल्टेज वाढतो, म्हणजे "गप्प = कमी" साठी ट्रान्झिस्टर उलटा वापरावा लागतो, लहान रेझिस्टर कायमचा आणि मोठे सिरीजमध्ये शॉर्ट करून ठेवलेले, शॉर्ट काढला की वाढ. हे शॉर्ट करणारे ट्रान्झिस्टर पुलअपने आपोआप चालू असले पाहिजेत, मायक्रोकंट्रोलर मेला तरी.

आणि क्रम पाळा. व्हीसीसी आधी, व्हीपीपी नंतर, बंद करताना उलट. डेटाशीटमध्ये हे बारीक अक्षरात असतं आणि कोणी वाचत नाही.

वागळे_इस्टेटचे_काका:

करंटरावांशी सहमत. एक भर घालतो. २७३२ आणि २७५१२ मध्ये ओई आणि व्हीपीपी एकाच पिनवर आहे, म्हणजे प्रत्येक बाइट लिहून तपासायचा तर तीच पिन व्हीपीपीवरून शून्यावर आणायची. डेटाशीट सांगते त्या पिनवर ०.१ मायक्रोचा कपॅसिटर लावा. आता तो कपॅसिटर ४.७ के मधून रिकामा व्हायला टाइम कॉन्स्टंट ०.४७ मिलीसेकंद, पाचपट धरलं तर अडीच मिलीसेकंदाच्या आसपास. घाई केलीस तर ओई अजून वरच आहे आणि तू डेटा वाचतोयस, सगळं चुकीचं दिसणार. एकतर थांब, नाहीतर खाली ओढायला १०० ओहममधून एक एनपीएन दे. मी तर एनपीएनच देईन.

ऐरोली_इंजिनिअरिंग:

ओके पटलं. हा डिस्चार्जचा भाग सिम्युलेट करून बघता येईल, आपल्या पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रोजेक्टचं ई-सिम आहे ना फुकट, आत एनजीस्पाइसच आहे, कॉलेजला लॅबमध्ये वापरतो. संध्याकाळी फाइल टाकतो.

मायक्रोकंट्रोलरचं: पिकोवरच्या आरपी२०४० च्या पिना ५ व्होल्ट सहन करणाऱ्या नाहीत, आणि तुमच्या सगळ्या चिप ५ व्होल्टच्या. लेव्हल शिफ्टर टाकायचे तर ऑटो डायरेक्शनवाले टीएक्सएस०१०८ टाइपचे असल्या कामात कपॅसिटिव्ह लोडला गडबडतात, त्यापेक्षा सरळ आर्डुइनो मेगा २५६० घ्या. ५ व्होल्टचा आहे, बोर्डावर ७० लाइन मिळतात, ३२ पिना थेट जोडा, ५९५ ची माळच नको. स्पीडचं म्हणाल तर ११५२०० बॉडला २७५१२ चे ६४ केबी सहा सेकंदांत येतात. जुन्या २७१६ ला तर एकेका बाइटला ५० मिलीसेकंदांचा पल्स लागतो, २०४८ बाइट म्हणजे १०२ सेकंद, तिथे कितीही फास्ट प्रोसेसर लावला तरी चिपच तेवढा वेळ घेणार. फक्त सगळ्या लाइनवर १ के सिरीज टाका, व्हीसीसी ४.२ असताना ॲड्रेसवर ५ व्होल्ट गेले तर सीमॉस चिपच्या आतल्या डायोडमधून करंट वाहू नये म्हणून.

आता माझा खरा मुद्दा. चिपची माहिती फर्मवेअरमध्ये लिहू नका. प्रत्येक चिपची एक साधी टेक्स्ट फाइल करा: कितीचा पिन काउंट, ॲड्रेस कुठल्या पिनांवर, व्हीपीपी कुठे नि किती, पल्स किती लांब, किती वेळा, आणि पल्स वर जाणारा की खाली येणारा. उदाहरणार्थ २७१६ ला प्रोग्राम पल्स वर जाणारा लागतो आणि २७३२ ला खाली येणारा. फर्मवेअरला फक्त "ही पिन वर, ही खाली, एवढं थांब" एवढंच कळलं पाहिजे. मग कोल्हापूरच्या माणसाला नवीन चिप टाकायला सी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही, डेटाशीट वाचता आली की झालं. विकतच्या प्रोग्रामरच्या त्या हजारो चिपच्या यादीतसुद्धा पद्धती मूठभरच असतात, बाकी सगळे आकडे बदललेले. मिनिप्रोमध्येही चिपची यादी वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्येच आहे.

गॅल चिप मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यांचा प्रोग्रामिंग अल्गोरिदम डेटाशीटमध्ये नसतो, लोकांनी शोधून काढलेला आहे, आफ्टरबर्नर नावाचा आर्डुइनोवरचा ओपन प्रोजेक्ट बघा, चाक परत शोधायला जाऊ नका.

नेरूळचा_निवांत:

बरं बाबा, मी हरलो, वाचायला मजा येतेय. लायसन्सचं मी सांगतो, ऑफिसात त्याच्याशीच खेळ चालतो. हार्डवेअरला सर्न ओएचएल (सर्न संस्थेचं ओपन हार्डवेअर लायसन्स) बघ, २०२० ची दुसरी आवृत्ती, तिच्यात तीन प्रकार आहेत. एस म्हणजे कोणी तुझ्या बोर्डात बदल करून विकला तर त्याला बदललेली डिझाइन फाइलही द्यावी लागते. पी म्हणजे घे आणि काहीही कर, फक्त तुझं नाव ठेव. डब्ल्यू मधलं. तुला जर रिपेअरवाल्यांच्या सुधारणा परत हव्या असतील तर एस. फर्मवेअर जीपीएल. आणि नुसते गर्बर (कारखान्यात बोर्ड बनवायला द्यायच्या फाइल) अपलोड करून ओपन हार्डवेअर म्हणू नकोस हां, ओपन हार्डवेअरच्या व्याख्येत बदल करता येईल अशी मूळ फाइल द्यावी लागते, म्हणजे कीकॅड या डिझाइन सॉफ्टवेअरमधलं स्किमॅटिक आणि लेआउट. बीओएममध्येही "एनपीएन" एवढंच नको, बीसी५४७ की २एन२२२२ ते लिही, दोघांचे पाय उलटे आहेत.

सोल्डर_कोपरखैरणे:

बापरे, एका दिवसात एवढं. १२० वरून ८ वर आलो, आता बायकोला दाखवतो. मेगा, १२ व्होल्ट, दोन एलएम३१७, ३२ पिनांचं झिफ, असं फायनल करतो. व्हीसीसीपण रेझिस्टरच्या पायऱ्यांनीच करू का? ४ पासून ६.२५ पर्यंत मला बारीक पायऱ्या हव्यात, वाचण्यासाठी.

दुसरं, दोन कार्डांवर टीएमएस२५३२ आहे, २७३२ सारखीच ना? आणि एकावर टीएमएस२७१६ लिहिलंय.

कळव्याचा_करंट:

व्हीसीसीला पायऱ्या नको. मेगाचा पीडब्ल्यूएम फिल्टर कर, साध्या ऑपॲम्पने एलएम३१७ ची ॲडजस्ट पिन हलव, आणि आउटपुट मेगाच्या एडीसीने मोजून दाखव. ६.५ च्या वर जाऊ नये म्हणून ऑपॲम्पची रेंजच रेझिस्टरने बांधून टाक, सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नको. एडीसीला डिव्हायडर लाव, ५ च्या वरचं मोजायचंय.

वागळे_इस्टेटचे_काका:

नाही, २५३२ ही २७३२ नाही. आकार तोच, क्षमता तीच, ४ केबी, पण पिना हललेल्या. २७३२ मध्ये १८ नंबर सीई (चिप चालू करणारी पिन), २० नंबर ओई-व्हीपीपी, २१ नंबर ए११. २५३२ मध्ये १८ नंबरवर ए११, २० नंबरवर पॉवरडाउन-प्रोग्राम आणि २१ नंबर व्हीपीपी. २७३२ समजून वाचलीस तर अर्धाच डेटा येतो आणि वाटतं चिप मेली. तुझं नशीब चांगलं, व्हीपीपी सॉकेटच्या २५ वर येतो आणि तिथे स्विच आहेच, म्हणजे हार्डवेअर तेच राहतं, ऐरोलीच्या पोराने सांगितलेली टेक्स्ट फाइल फक्त वेगळी.

टीएमएस२७१६ ला मात्र या बोर्डावर हात लावू नकोस. नाव फसवं आहे. टेक्सासची ती चिप तीन सप्लायवाली, अधिक ५, उणे ५ आणि अधिक १२, इंटेलच्या २७१६ शी जुळणारी टेक्सासची चिप म्हणजे टीएमएस२५१६. जिथे इंटेलवालीत व्हीपीपी असतो त्याच २१ नंबरवर हिला उणे ५ लागतात, तिथे तू २५ दिलेस की खेळ खलास. आयडी वाचण्याचंही तेच, २७१६ च्या काळातल्या चिपांना ए९ वर १२ व्होल्ट देऊन आयडी वाचायचा प्रकारच नव्हता, त्यामुळे आपोआप चिप ओळखायचं बटण ठेवलंस तर ते २४ पिनांच्या चिपांना बंद ठेव. माणसाने वरचं नाव वाचून यादीतून निवडायचं. टीएमएस२७१६ साठी काय करायचं ते वेगळं विचार, माझ्याकडे वागळेला एक जुनं तीन सप्लायचं कार्ड पडलंय, त्यावर ती नुसती वाचता येते, घेऊन ये.